वाफेनंतर गालांवरची लाली उतरत नाही

प्रश्न: फेशियलमध्ये १० मिनिटं वाफ देऊन ब्लॅकहेड काढले, की क्लायंटचे गाल तासभर लाल राहतात. चुकतं कुठे?

उत्तर: वेळ जास्त होतेय. ५ मिनिटं पुरे, नाजूक त्वचेला २-३. स्टीमर ३०-४० सेंमी लांब ठेवा. उष्णतेने केशवाहिन्या (त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या) फुगतात, त्यावर दाबलं की लाली टिकते. ब्लॅकहेड सहज निघत नसेल तर कृपया सोडून द्या, जोर लावलात तर काळे डाग मागे राहतात.

उत्तर: ताई, आधी क्लायंटना विचारा: रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं क्रीम) लावतात का? मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर वाफ, स्क्रब, वॅक्स काहीच नको, त्वचा सोलते.

उत्तर: स्टीमरमध्ये डिस्टिल्ड (क्षार काढलेलं) पाणीच घाला. क्षार साचले की नळीतून उकळते थेंब उडतात. वाफ स्थिर झाल्यावरच स्टीमरच्या नळीचं तोंड चेहऱ्याकडे वळवा.