गुडघे, कंबर, खांदा... ऑपरेशनशिवाय दुखणं सांभाळताय? आपापला अनुभव सांगा

मास्तरीन, दारव्हा तालुका

राम राम मंडळी. मागच्या वर्षी पोळ्याच्या आसपास मायला घेऊन यवतमाळला गेले होते. वय ६१, दोन्ही गुडघे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, म्हणाले घासलेत, पण बदलायची घाई नाही, आधी सहा महिने व्यायाम करू मग पाहू. बाहेर बाकावर बसलो तर तीन बायांनी तीन सल्ले दिले. एक म्हणे बिबा लावा, दुसरी म्हणे अमक्या गावची पुडी आणा, तिसरी म्हणे आत्ताच करून टाका नंतर शरीर झेपत नाही. माय माझ्याकडे पाहते, मी मायकडे. म्हणून हा धागा. एकच विनंती, "अमुक घ्या, बरं वाटेल" असं लिहू नका, काय केलं, किती दिवस केलं, कामात काय बदललं आणि कुठं फसलो ते लिहा. फसल्याचं आधी लिहिलं तरी चालेल, माझंही तेच आहे.

आमचं फसणं गोळ्यांचं. माय चार वर्षं गावातल्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खायची, वेचणीच्या दिवसात रोज दोन. बीपीची गोळी चालूच होती, आणि हे दोन्ही सोबत घेतलं तर किडनीला मार बसतो हे कोणीच सांगितलं नाही, दुकानदारानं नाही न् मी तर शिकलेली असून विचारलंही नाही. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीचं काम कमी झालं की हा आकडा वाढतो) १.९. गोळ्या बंद केल्या, तीन महिन्यांनी १.३ वर आलं. आता डॉक्टरांनी दिलेला मलम गुडघ्यावर लावतो, फारच ठणकलं तर पॅरासिटामॉल, तेही त्यांनी मोजून दिलेलं.

व्यायाम एकदम साधा. दिवाणावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहादा, दोन वेळ. महिन्याभरानं खुर्चीवर बसून पाय सरळ वर करायचा, आणि पुढं घोट्याला मिठाची अर्ध्या किलोची पुडी ओढणीनं बांधून. पहिले पंधरा दिवस दुखणं उलट वाढलं, माय मला म्हणे "तू मास्तरीन शाळेत, माह्या पायावर काऊन मास्तरकी करतं." सहाव्या आठवड्यात एक दिवस बोअरवरून पाण्याची गुंडी घेऊन आली आणि मधात कुठं टेकली नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या नाही आलं.

वजन ७४ चं ६८ झालं. फिजिओ म्हणाले एक किलो कमी झालं की पाऊल टाकताना गुडघ्यावरचा भार चार किलोच्या आसपास कमी होतो. मायला हा हिशोब लगेच समजला, कारण कापूस किलोवरच मोजला जातो. वेचायला अजून जातेच, ऐकत नाही, पण आधी कमरेची ओटी दहा-बारा किलोची होईपर्यंत तशीच फिरायची, आता पाच किलो झाली की गंजीवर रिकामी करून येते. चूल उचलून ओट्यावर घेतली. संडासावर खुर्ची ठेवली. खरं सांगू, औषधापेक्षा त्या खुर्चीनं जास्त फरक पडला.

१६ लिटर

नाव यावरूनच समजून घ्या, फवारणीचा पंप. आर्णीकडचा हाव, वय ४३. तीन वर्षांआधी भर ऑगस्टात पऱ्हाटीत फवारून राह्यलो होतो, चिखलात पाय रुतला, पंप पाठीवर, वळलो न् ढुंगणापासून करंगळीपर्यंत अशी कळ गेली की धुऱ्यावर आडवाच झालो. एमआरआय काढला, मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली. पहिल्या ठिकाणी म्हणे आठ दिवसात ऑपरेशन, नाहीतर पाय जाईल. घरचे बैलजोडी विकायच्या गोष्टी करू लागले. साळा म्हणे दुसरीकडे दाखवू. तिथल्या सर्जननं आधी फोटो पाह्यलाच नाही, मला टाचेवर चालायला लावलं, मग पंजावर, टाचणीनं पाय टोचून पाह्यला, लघवी बरोबर होते का विचारलं. मग म्हणे ताकद आहे, सहा ते बारा आठवडे थांबू, बहुतेकांचं यातच निवळतं, सरकलेला भाग शरीर स्वतःच बराचसा जिरवून टाकतं. आणि म्हणे ज्यांची कंबर कधीच दुखली नाही त्यांचाही एमआरआय काढला तरी चकती फुगलेली निघते, फोटोवर उपचार करत नसतात.

माझी चूक अशी की मी त्याच्याआधी तीन आठवडे नुसता बाजेवर पडून होतो. लोक म्हणतात आराम करा. बाज अशी झोळीसारखी, त्यात मी. उठलो तर मांडी बारीक झालेली. मग पाच मिनिटं चालणं, दिवसातून सहा वेळा, अंगणातल्या अंगणात, शेजारचे म्हणत याले काय झालं फेऱ्या मारून राह्यला. पाचाचे दहा, दहाचे वीस. बाज ताणून घेतली, वर गादी. फरशीवरच झोपा वगैरे काही गरज नाही, ते मी पाहून घेतलं, अजून आखडतो माणूस.

दहाव्या आठवड्यात पायातली कळ गेली, करंगळी अजून जरा बधिर आहे. फवारणी सोडली नाही, सोडून खाऊ काय, पण पंप दहा लिटरच भरतो, जमिनीवरून पाठीवर घेत नाही, बंडीच्या काठावर ठेवतो न् तिथून पट्टे घालतो. खेपा वाढतात, एक तास जास्त लागतो. लागू दे.

डॉक्टरनं एक लिहून दिलेलं, ते सगळ्यांनी ध्यानात ठेवा: पाऊल लुळं पडलं, लघवी अडकली किंवा कळेना, बसायची जागा बधिर झाली, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी मोठा दवाखाना, तिथं ऑपरेशन लागू शकतं. ताप, वजन उतरणं न् रात्री जास्त ठणकणं असलं तर मणक्याचा टीबी पाहतात.

गोठ्यातला

मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो, रिटायर झालो. मास्तरीनबाईंनी गोळ्यांचं लिहिलं म्हणून सांगतो. दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक आपण गुरांनाही टोचत होतो, ती गुरं मेली की गिधाडं खायची आणि किडनी जाऊन मरायची. २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद केलं. आम्ही लहान होतो तेव्हा ढोरफोडीवर गिधाडं झाडभर बसत, आता पोट्ट्यांना चित्रात दाखवा लागते. माणसाची किडनी गिधाडापेक्षा बरीच दम धरते, पण रोज खाल्लं तर तिचंही काही खरं नाही. माझी पाठ दुखते, मी निरगुडीचा पाला उकळून शेकतो. बरं वाटतं, त्यानं हाड सरळ होत नाही हे मलाही माहीत आहे.

राजेहो

माहा खांदा धरला होता राजेहो. डावा. हात वर जायेना, मागं जायेना, शर्टाची बाही बायको घालून दे, मोठी लाज वाटे. सासऱ्यानं डाग द्यायले नेलं, इळा तापवून दोन चटके देल्ले, खांदा तर धरलेलाच अन् वरतून फोड आले, ते चिघळले. काऊन चिघळले म्हून रक्त पाह्यलं त शुगर २८०! मले मालूमच नोतं. डॉक्टर म्हने शुगरवाल्याइचा खांदा असाच धरते, हा बरा होते पण टाइम घेते, एक-दोन वर्स बी लागते. मंग शुगरची गोळी चालू केली, अन् भितीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या, रोज बोटं मुंगीवानी चढवत न्यायची, काल कुठं होती आज कुठं आली. पोरगी तारीख लिहे. अन् वाकून हात बैलाच्या घंटीवानी लोंबता सोडून हालवाचा. १४ महिन्यानं छपराच्या बल्लीले हात लागला. भितीवरच्या रेघा तशाच हायेत, दिवाळीले चुना माराले मी ना म्हनलो.

सोमवार

माझं थोडं वेगळं आहे. मुर्तिजापूरकडे असते, वय ३८. सकाळी उठलं की बोटं वळायची नाहीत, दोन्ही हातांची, भाकर थापायला आठ-नऊ वाजायचे तेव्हा कुठं हात मोकळे. सगळे म्हणत वात आहे. एका ठिकाणची पुडी चालू केली, महिन्याची एकदम आणायची, आणि काय सांगू दुसऱ्या दिवशी दुखणं गायब, मी दहा जणींना पत्ता दिला. दीड वर्षात तोंड सुजून गोल, अंगावर निळे डाग, जिना चढताना मांड्यांत दम नाही. पुडी संपली आणि दोन दिवस आणायला जमलं नाही तर चक्कर येऊन पडले. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, त्यांनी विचारलं पुडीनं पहिल्याच दिवशी फरक पडला का, मी हो म्हटल्यावर म्हणाले यात स्टिरॉइड असणार, आणि ते एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू उतरवावं लागतं. ज्या दहा जणींना पत्ता दिला त्यातल्या चौघींच्या घरी जाऊन सांगून आले. बाकीच्यांनी ऐकलं नाही.

आजार निघाला आमवात, म्हणजे गुडघे घासतात तो नाही, हा शरीराचाच सांध्यांवर हल्ला. यात नुसता व्यायाम पुरत नाही, लवकर औषध सुरू केलं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकच दिवस घ्यायच्या. एकच दिवस! रोज घेतली तर जिवावर बेतते. डॉक्टरनी पाकिटावर मोठ्या अक्षरात "सोमवार" लिहून दिलं, घरच्यांनी कॅलेंडरवर सगळे सोमवार लाल केले, नवऱ्याला वाटलं उपवास धरला. मधल्या दिवसात फोलिक अॅसिड, आणि ठरल्या वेळी रक्त तपासणी चुकवायची नाही. मूल हवं असेल तर ही गोळी चालत नाही, आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं, हे तरण्या बायांसाठी. आता सात वाजता भाकर होते.

हातपंप

पांढरकवड्याच्या बाजूचं आमचं खेडं. आमच्या इथं चाळिशीतले लोक मान वळवायची तर अख्खे वळतात, कंबर वाकत नाही, पोरांचे दात पिवळे-तपकिरी पट्ट्याचे. आम्ही समजत होतो मेहनतीनं होतं. पाणी तपासलं तर फ्लोराइड जास्त, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको असते, आमचं त्याच्या दुपटीहून जास्त. आधी बायका पाणी उकळून देत, त्यानं फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं तर उलट दाट होतं. आता दुरून नळाचं येतं, कधी येतं कधी नाही. माझी कंबर काही सरळ होणार नाही, पण लहान पोरांचे नवे दात पांढरे येऊन राह्यले. म्हणून म्हणतो, एका गावात लय लोकांचं सारखंच दुखत असेल तर गोळी बदलायच्या आधी पाणी तपासा.

कुरखेडा

सिकलसेलवाले (रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात तो जन्मापासूनचा आजार) आहेत का कोणी इथं? माझ्या भावाचं लहानपणापासून हाडं दुखायची, सगळे म्हणत वाढीचं दुखणं आहे. १६ व्या वर्षी तपासणी झाली. आता हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे, दुखण्याचे अटॅक वर्षात सहा-सातचे एक-दोनवर आले. बाकी पथ्य एवढंच, पाणी भरपूर, थंडीत भिजायचं नाही, ताप आला की वाट पाहायची नाही. धान रोवणीच्या चिखलात त्याला उतरू देत नाही, बांधावर पेंढ्या द्यायचं काम. त्याला त्याचा राग येतो.

अंगणवाडीची टाच

सकाळचं पहिलं पाऊल टाकलं की काटा टोचल्यासारखं. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं, घाबरले, पण तसं हाड न दुखणाऱ्यांच्याही टाचेत असतं म्हणे. उठायच्या आधी पलंगावरच ओढणी पंजाला अडकवून ओढायची, आणि घरात अनवाणी फिरायचं नाही. आठ महिने लागले. बस एवढंच.

बदलून घेतले

धाग्याच्या विरोधात लिहितो, रागवू नका. माझ्या आईनं सात वर्षं व्यायाम, मलम, पट्टा सगळं केलं, शेवटी पाय धनुष्यासारखे झाले, रात्री झोप नाही, संडासला दोघांनी न्यावं लागे. मग गुडघे बदलले. आज मंदिरात चालत जाते, खाली मात्र बसत नाही. ऑपरेशनला नुसतंच घाबरून माणूस पाच वर्षं घरात बसवू नका.

मास्तरीन, दारव्हा तालुका

भाऊ, कशाला रागवू. मायचं सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं, ते म्हणाले अजून गरज नाही, लागली तर करू. व्यायामानं मांडी भरली असली तर ऑपरेशननंतरही लवकर उठता येतं म्हणे, म्हणजे मिठाची पुडी वाया जात नाही. राजेहो काकाजी, तुमच्या रेघांचा फोटो टाका.

तिघा-चौघांनी संडासच्या खुर्चीचं विचारलं. तयार मिळते, पण मी गावातल्या सुताराकडून जुन्या प्लास्टिकच्या खुर्चीला मधात भोक पाडून घेतलं. कडा कानसीनं नीट घासायला सांगा, आमच्यानं पहिल्यांदा घासल्या नव्हत्या, मायनं दोन दिवस त्याचा उद्धार केला. आणि पायाखालचे रबर लावल्याशिवाय ओल्या फरशीवर ठेवू नका, सरकते.