मदत हवी आहे: एकाच डोंगरावर गायरान, फॉरेस्ट आणि मालकीची पडं, चराईचं नियोजन कसं बसवायचं?

माणदेशी_माळ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागतो.

आमचं गाव माणदेशातलं. वर्ष बरं असेल तर पाऊस ४५० मिलिमीटर, तोही बराचसा परतीचा. गावाच्या उत्तरेला एक लांबट डोंगर आहे. पायथ्याला साधारण ६० हेक्टर गायरान, माथ्यावर राखीव वन, आणि दोन्हीच्या मध्ये तीसेक खातेदारांचे मुरमाड गट. मधे बांध नाहीत की खुणा नाहीत. हद्दीचे दगड होते, त्यातले निम्मे कुणाच्या तरी जोत्यात गेले. मेंढरं सकाळी गायरानात शिरतात, दुपारी पाझर तलावावर पाणी पितात आणि दिवस कलेपर्यंत माथ्याला लागतात. आजोबांच्या वेळेपासून हेच चालू आहे.

आता अडचण अशी. मालकी गटांतले निम्म्याहून जास्त लोक मुंबईत, माथाडीत. आजवर पडीक रानात चारायला कुणी हरकत घेतली नव्हती. पण रात्रीचा मुरूम उपसून नेणारे ट्रॅक्टर वाढले, म्हणून दोघांनी तारेचं कुंपण ओढलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण त्या तारेत तलावाची वाटही गेली. माथ्यावर फॉरेस्टनं चर खोदून ग्लिरिसिडिया लावलाय, तिथं चराई बंद. गार्ड म्हणतो मेंढरं आत आली, मेंढपाळ म्हणतो आम्ही खालच्या मालकी गटातच होतो, आणि दगड नसल्यामुळे दोघंही खरे. त्यात गायरानावर सोलर प्रकल्प येणार अशी कुजबूज आहेच.

गावात मेंढरं ४०० च्या आसपास. शेळ्या घरटी दोन-चार. गाई-म्हशी बहुतेक दावणीला.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. डोक्यात असं आहे की सगळ्या डोंगराचे तीन भाग पाडायचे, हद्दी न बघता, गवत आणि पाणी बघून. दरवर्षी एक भाग दिवाळीपर्यंत बंद ठेवायचा म्हणजे गवत बी धरेल. पण तीन प्रकारच्या मालकांच्या जमिनीवर एक वेळापत्रक लावायचं तर कुणाकुणाची सही लागते? आणि मुंबईकरांकडे विषय काढला की पहिला प्रश्न येतो, "उद्या कूळ लागलं तर?" म्हणजे वापरणाऱ्यानं कूळ कायद्यानं जमिनीवर हक्क सांगितला तर. त्यांना काय सांगू?

गट_नंबर_शोधतोय

मोजणीपासून सुरुवात करा. गायरान, मालकी गट आणि राखीव वन यांच्या हद्दी ठरल्याशिवाय बाकी सगळं तोंडी. भूमी अभिलेखाकडे अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावानं करा, आणि मोजणीच्या दिवशी वनखात्याचा माणूस हजर राहील हे आधीच लेखी मागा. नाहीतर दगड रोवले जातात आणि वर्षभरात "आम्हाला मान्य नाही" असं पत्र येतं.

तुमच्या तिन्ही जमिनींना तीन वेगळे कायदे आहेत, ते एकत्र कालवू नका. गायरान महसूल संहिता १९६६ खाली येतं. कलम २३ प्रमाणे तिथला मोफत चराईचा हक्क ज्या गावाचं गायरान त्याच गावाच्या गुरांना. म्हणजे वेळापत्रक ग्रामसभेच्या ठरावानं लावता येईल, पण बाहेरच्या कळपाकडून पैसे घेऊन गायरान त्याला देण्याच्या भानगडीत पडू नका. सोलरचं म्हणाल तर गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर कलम २२-अ चं बंधन आहे, पण सरकारच्या सार्वजनिक प्रयोजनाला वाट मोकळी आहे. तेव्हा गायरान चराईला खरोखर वापरात आहे असा ठराव, नकाशा आणि जनावरांची संख्या आत्ताच दप्तरी लावून ठेवा.

राखीव वनात परवानगीशिवाय चारणं हा १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हाच आहे, त्यात गार्डशी वाद घालून उपयोग नाही. सरळ रस्ता वनहक्क कायदा २००६ चा. त्यात सामूहिक हक्कांमध्ये चराई स्पष्ट लिहिली आहे, स्थायिकांची आणि फिरस्त्यांचीसुद्धा. दावा ग्रामसभेकडे, मग उपविभागीय आणि जिल्हा समिती. आदिवासी नसाल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, वस्ती आणि जंगलावरचं अवलंबन दाखवावं लागतं. जुने चराईचे पास कुणाच्या ट्रंकेत आहेत का बघा. दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात.

चांगभलं

मी मेंढपाळाच्या घरातला. चराईबंदी म्हटलं की आमची माणसं सभेतून उठून जातात, त्यामागचं कारण समजून घ्या. सगळे हिवरे बाजारचं उदाहरण देतात. तिथं मोकळी चराई बंद करून गवत कापून न्यायची सोय केली, आणि दुधाच्या जनावराला ते जमलंही. चारशे मेंढरं दावणीला कोण पोसणार?

आमचे वाडे, म्हणजे कळप घेऊन फिरणारी कुटुंबं, दिवाळीनंतर कोकणाच्या बाजूला उतरतात आणि मृगाच्या तोंडाला परत येतात. म्हणजे आम्हाला गावचा डोंगर लागतो तो नेमका तुम्ही बंद ठेवायचं म्हणताय त्याच महिन्यांत. एक भाग बंद, दोन उघडे, हे चालेल. पण कोणता भाग, हे आम्हाला विचारून ठरवा. तलावाकडचा भाग बंद केलात तर योजना पहिल्याच आषाढात मोडेल.

मालकांना द्यायला आमच्याकडे पैसे नाहीत, लेंडीखत आहे. ज्यांची डोंगरात पड आहे त्यांचीच खाली पिकाची वावरं असतात. तिथं रात्री मेंढरं बसवायची. एरवी त्यासाठी मालक धान्य नाहीतर पैसे देतो, तुमच्या गटात चारू दिलं म्हणून आम्ही फुकट बसवू. हे चार मेंढपाळांना पारावर बसवून कबूल करून घ्या, ते शब्द मोडणार नाहीत.

कुरणवाला

गवत किती आहे ते आधी मोजा, मग भाग पाडा. पावसाळा सरता सरता मीटर बाय मीटरची चौकट दहा-बारा ठिकाणी टाकायची, आतलं गवत कापून वाळवून तोलायचं. सरासरी १०० ग्रॅम भरलं तर हेक्टरी १ टन. त्यातलं निम्मं जागेवर राहू द्यायचं, नाहीतर पुढच्या वर्षी मुरूमच चारावा लागेल. उरलं ५०० किलो. तीस किलोची मेंढी दिवसाला साधारण किलोभर सुका चारा खाते. म्हणजे ६० हेक्टरचं गायरान ४०० मेंढरांना ७५ दिवस पुरतं, त्यातला तिसरा हिस्सा बंद ठेवला तर ५०. आषाढ ते दिवाळी चार महिने होतात. पावसात गवत परत फुटतं म्हणून हिशोब थोडा ताणता येईल, दुप्पट नाही. शेळ्या यात धरलेल्याच नाहीत. मालकी गट सोबत घेतल्याशिवाय तुमची योजना उभी राहणार नाही, हे सभेत आकड्यानं दाखवा.

माणदेशी_माळ

@कुरणवाला, हा हिशोब डोक्यात नव्हता, धन्यवाद. एक शंका. आमच्या मधल्या पट्ट्यात सगळं कुसळी गवत आहे. बी धरेपर्यंत थांबलो तर कुसळं लोकरीत आणि कातडीत घुसतात, मेंढरं हैराण होतात.

कुरणवाला

मग कुसळीचा पट्टा दिवाळीपर्यंत बंद ठेवूच नका. आषाढ-श्रावणात कोवळी असताना तिथंच कळप दाबून चारा, तुऱ्यावर येऊ देऊ नका. बंद ठेवायचा तो मारवेल, शेडा, डोंगरी गवत टिकून आहे तो भाग. तिथलं बी पडलं की मग आत सोडा. म्हणजे तुमचे तीन भाग सारखे नसतील, पाळीही दरवर्षी सरळ फिरणार नाही. नकाशावर वाईट दिसेल, दिसू दे.

वाशी_मुक्काम_पोस्ट_गाव

मी त्या मुंबईकरांतलाच समजा, गाव वेगळं. सही का करत नाही ते सांगतो. आमच्या वडलांनी "चार वर्षं कसून खा" म्हणून दिलेलं रान परत मिळवताना काय झालं ते घराघरात माहीत आहे. शिवाय चार भावांचा एक सातबारा, एकानं सही केली की तिघं विचारतात, तुला किती मिळाले?

मी कोणत्या कागदावर सही करेन? ज्यात खंड, भाडं असा एक रुपयाही नाही. परवानगी फक्त चराईची, ठरलेल्या महिन्यांची, एका वर्षापुरती. नांगर लावायचा नाही, खोपट बांधायचं नाही. परवानगी कुणा एका मेंढपाळाला नाही, ग्रामसभेच्या समितीला. पीक पाहणीत आमच्याच नावानं पड लागली पाहिजे. आणि मुरूमचोर दिसला तर मेंढपाळानं फोन करायचा, तेवढी राखण झाली तरी आम्हाला पुष्कळ.

गट_नंबर_शोधतोय

+१. मसुदा कूळ कायद्याची कामं करणाऱ्या वकिलाच्या नजरेखालून घाला, फोरमवरच्या आमच्या मतावर जाऊ नका. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या घ्या. तलावाच्या वाटेचा मुद्दा या कागदात घुसडू नका, नाहीतर वाट कायमची जाईल या भीतीनं सगळाच कागद अडेल. तारेला फाटक बसवून किल्ली समितीकडे, एवढंच तोंडी सुरू करा.

माणदेशी_माळ

फाटकाचं उद्याच बोलतो, एक मालक गणपतीला गावात आहे. मोजणीचा ठराव पुढच्या ग्रामसभेत घेतो, आणि भाग पाडायला मेंढपाळांना घेऊन डोंगरावर चढतो. अशा चराई-परवानगीचा कागद कुणाच्या गावात आधी झाला असेल तर नावं-गट नंबर झाकून इथे टाकाल का? कोरा मसुदा असला तरी चालेल.