मदत हवी आहे: मुलगा अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनमन व्हायचं म्हणतोय, शुक्रवारपर्यंत सही हवीये

फिलीकर_आई: लवकर सांगा प्लीज. कोचने मुलाला ऑफेन्सिव्ह लाइनवर (बॉल असलेल्या टीमची, समोरच्यांना अडवणारी पुढची रांग) घेतलंय आणि उन्हाळ्यात वजन वाढव म्हणालाय. फॉर्मवर सही करायचीये. नवरा म्हणतो टाक सही करून, मुलगा म्हणतो मी एनएफएलच (इथली प्रो लीग) खेळणार. या पोझिशनमध्ये खरंच करिअर असतं का? याच्या हातात बॉल तर कधी येतच नाही!

निवांत: ताई, वय? उंची? आत्ताचं वजन? आम्ही काय कुंडली बघून सांगायचं?

कोकणी_बाणा: उंच असेल तर गोलकीपर करा. स्टडवाले बूट चांगले घ्या, आमच्या भाच्याचा घोटा त्यापायीच गेला.

निवांत: काका, तो फुटबॉल नाही हो हा.

ईगल्सभक्त: फिलाडेल्फियात राहून हा प्रश्न?? आपल्या ईगल्स टीमचा जेसन केल्सी बघा. कॉलेजात स्कॉलरशिपशिवाय आला, तोही रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) म्हणून, मग लाइनवर गेला, 2011 ला एनएफएल ड्राफ्टमध्ये (टीम्स नवे खेळाडू निवडतात तो) सहाव्या राउंडला 191वा निवडला गेला आणि सेंटर (लाइनचा मधला) म्हणून 13 सीझन खेळला. आणि जॉर्डन मायलाटा तर ऑस्ट्रेलियात रग्बी खेळायचा, फुटबॉलची एकही मॅच न खेळता 2018 ला ड्राफ्ट झाला, आता ईगल्सचा लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा) आहे. बिनधास्त सही करा.

ओहायोवाला: लॉटरी लागलेल्यांचीच नावं घ्यायची. आमच्या क्लीव्हलँड ब्राउन्स टीमचा लाइनमन जो थॉमस सलग 10,363 स्नॅप (एकेक डाव) खेळला, एकही न चुकवता, आणि 11 वर्षांत प्लेऑफची एक मॅच नशिबात नाही. थांबला तो ट्रायसेप्स फाटल्यावर. हॉल ऑफ फेममध्ये गेला ते सोडा, लाइनमनचं नाव एरवी माइकवर ऐकू येतं ते होल्डिंगची (समोरच्याला धरून ठेवल्याची) पेनल्टी लागली की, दहा यार्ड मागे.

ईगल्सभक्त: ब्राउन्सवाल्यांनी प्लेऑफवर बोलू नये 😂

सुगरण: वजनासाठी डिंकाचे लाडू, रोज दोन, वर गरम दूध. माझा मुलगा महिन्यात भरला.

ओहायोवाला: लाडवांनी पोट सुटेल, लाइनला ताकद मांड्यांत लागते. आणि चढवलेलं उतरवावंही लागतं, थॉमसने रिटायर झाल्यावर जवळपास 50 पौंड कमी केले.

फिलीकर_आई: सांगायचं राहिलं, दहावीत आहे, सहा फूट एक, 215 पौंड. कोचला ऑगस्टपर्यंत 250 हवंय.

निवांत: हे आधी सांगायचं ना! तीन महिन्यांत 35 पौंड?? हे डॉक्टरला माहितीये का?

रात्रपाळी: सही करायच्या आधी कोचला मेल टाका. वजनाचा प्लॅन कोण बघणार, शाळेत अॅथलेटिक ट्रेनर आहे का, सीझनआधी कन्कशनची (डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेची) बेसलाइन टेस्ट करतात का. लाइनवाल्यांना एकदम मोठा मार कमी बसतो पण जवळजवळ दर स्नॅपला डोक्याला बारीक धक्के बसतात, ते साठत जातात. करिअरचं नंतर बघू, अजून दहावीत आहे तो.

कोकणी_बाणा: त्यापेक्षा कबड्डी बरी. डावा कोपरा सांभाळायचा, वजनबिजन काही नको.

फिलीकर_आई: मेल टाकलाय, उत्तर नाही अजून. आत्ता किचनमध्ये एक हात जमिनीला टेकवून वाकून बसलाय, स्टान्स म्हणे, आणि सासूबाई बॅटरी घेऊन आल्यात काय हरवलंय बघायला. उद्या गुरुवार. सुगरणताई, लाडवांचं प्रमाण व्यनि करता का?