राजदंड: मारायची काठी की टेकायची?

शिलालेख (धागाकर्ता):
राजदंडाला 'न्यायाचं प्रतीक' म्हणतात, ते मला पटत नाही. त्याचं मूळ सोट्यात आहे. इजिप्तच्या नार्मेर राजाची दगडी पाटी पाहा, इ.स.पू. ३१०० च्या आसपासची. राजाने एका हाताने गुडघे टेकलेल्या शत्रूचे केस धरलेत आणि दुसऱ्या हातात गदा उगारली आहे. राजा म्हणजे काय, याचं हे सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक. प्राचीन रोममध्ये कॉन्सलपुढे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च अधिकाऱ्यापुढे, बारा सेवक चालत, प्रत्येकाच्या खांद्यावर छड्यांची मोळी आणि तिच्यात खोचलेली कुऱ्हाड. छडी फटके मारायला, कुऱ्हाड मान उडवायला. इंग्लंडच्या संसदेतला दंड हाही मुळात गदाच. आणि आपल्या भाषेत वेगळा पुरावा कशाला हवा? दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे शिक्षा. दोन्हींना एकच शब्द आहे. सोन्याने मढवली म्हणून काठीचा इतिहास बदलत नाही.

आडवाट:
पूर्ण असहमत. त्याच इजिप्तमध्ये राजाच्या हातातली दुसरी काठी तुम्ही सोडून दिलीत. वरून वाकलेली, मेंढपाळाची आकडी. तिला 'हेका' म्हणत आणि चित्रलिपीत 'राज्य करणे' हा शब्द लिहायला तीच आकडी काढत. आकडीने मेंढरू मारत नाहीत, कळपात ओढून आणतात. ख्रिस्ती बिशपच्या हातात आजही तिच्यासारखीच वाकडी काठी असते.

ग्रीक 'स्केप्ट्रॉन'चं मूळही बघा. ज्या क्रियापदापासून तो शब्द आला त्याचा अर्थ टेकणे, आधार घेणे. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात राजाच्या दंडाला हाच शब्द आहे आणि भिकाऱ्याच्या वेशातल्या ओडिसियस राजाच्या काठीलाही हाच. मला हे फार मोठं वाटतं. राजा आणि भिकारी, दोघांनाही टेकायला काहीतरी लागतं, आणि भाषेने त्यात फरक केला नाही. होमरच्याच 'इलियड'मधल्या सभेत ज्याच्या हाती हा दंड तो बोलणार, बाकीचे ऐकणार. म्हणजे तो हाणायचा नाही, बोलण्याचा अधिकार देणारा दंड आहे.

शिलालेख:
'इलियड' काढलंत तर दुसरा सर्गही काढा. थर्सायटिस नावाचा साधा शिपाई सभेत राजाला चार खऱ्या गोष्टी सुनावतो. मग ओडिसियस काय करतो? राजाचाच दंड त्याच्या पाठीत घालतो. वळ उठतो, तो रडतो, सैन्य हसतं. बोलायचा हक्क देणारी काठी आणि तोंड बंद करणारी काठी एकच आहे. मानकऱ्यांना ती बोलू देते, शिपायाला झोडपते. आकडीचंही तसंच. मेंढरांना कळपात ठेवायचं ते कशासाठी, हे मेंढरांना कोणी विचारलंय का?

गोफण:
मूळ शोधताना एक सावधगिरी. युरोपात अश्मयुगातल्या भोक पाडलेल्या शिंगाच्या दांड्या सापडल्या, तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच अभ्यासकांनी त्यांना 'हुकूमदंड' नाव दिलं. आता बरेच जण मानतात की ती भाल्याचे दांडे सरळ करायची किंवा दोर वळायची अवजारं असावीत. कोणाच्याही हातात काठी दिसली की आपल्याला सत्ता दिसते.

नदीकाठ:
दोघंही काठीकडे बघताय. ती कोणी दिली आणि कोण काढून घेऊ शकतं, तिकडे बघा. रोमच्या त्याच मोळ्या घ्या. शहराच्या पवित्र सीमेच्या आत कॉन्सल आला की कुऱ्हाडी काढून ठेवाव्या लागत, कारण तिथे नागरिकाला लोकांकडे दाद मागता येई. परंपरा सांगते की पुब्लिकोला या कॉन्सलने लोकांच्या सभेपुढे त्या मोळ्या खाली झुकवायला लावल्या. शस्त्र कोणापुढे झुकतं?

घानातल्या अकान लोकांत राजाच्या प्रवक्त्याकडे सोन्याने मढवलेली काठी असते. तिच्या टोकावर म्हणींची शिल्पं असतात. एकावर मुठीत धरलेलं अंडं आहे. सत्ता घट्ट आवळली तर फुटते, सैल धरली तर पडते. राजाला ही म्हण रोज समोर दिसावी, अशी सोय त्या समाजाने केली आहे.

शिलालेख:
अंड्याचं उदाहरण मनापासून आवडलं. पण झुकवलेली मोळी पुन्हा वर उचलता येते, आणि शहराबाहेर कुऱ्हाडी परत आत जात होत्याच. बाहेरच्या माणसाला ती म्हण कोण दाखवणार?

आडवाट:
बाहेरच्या माणसाचंच उदाहरण देते. १८६३ मध्ये अब्राहम लिंकनने न्यू मेक्सिकोतल्या प्युब्लो या मूळ रहिवाशांच्या गावांच्या प्रमुखांना चांदीच्या मुठीच्या काळ्या काठ्या पाठवल्या. त्याआधी स्पेनच्या राजवटीनेही दिल्या होत्या. त्या गावांत नवा प्रमुख आला की जुना त्याच्या हाती काठ्या सोपवतो, आणि आपल्या स्वायत्ततेचा दाखला म्हणून गावं त्या आजही जपतात. जिंकणाऱ्याची काठी जिंकलेल्यांनी स्वतःच्या हक्काची करून घेतली. सोट्याचं असं होत नाही.

शिलालेख:
हे खोडता येत नाही. तुमच्या बाजूची आणखी एक गोष्ट मीच सांगतो. २० एप्रिल १६५३ ला सेनापती क्रॉमवेलने बंदूकधारी शिपाई घेऊन इंग्लंडची संसद रिकामी केली आणि तिथला तो दंड उचलायला लावला. त्याने त्याला खेळणं म्हटल्याचं सांगतात. पण दंड हे नुसतं खेळणं असतं तर तो टेबलावर पडून राहिला असता, माणसं हाकलली की काम झालंच होतं. आणि शस्त्र असता तर बंदुकीपुढे त्याची पर्वा कशाला? तरी तो हलवावा लागला. का, याचं उत्तर माझ्या सोट्याच्या सिद्धांतात नाही. थर्सायटिसच्या पाठीवरचा वळ मात्र मी मागे घेणार नाही.

नदीकाठ:
घेऊ नका. उत्तर त्याच काव्यात, पहिल्या सर्गात आहे. अकिलीस हा योद्धा राजाशी भांडताना दंडाची शपथ घेतो: डोंगरातल्या बुंध्यापासून तुटलेल्या या लाकडाला आता पुन्हा पालवी फुटणार नाही. आणि सोन्याचे खिळे ठोकलेला तो दंड सगळ्यांसमोर जमिनीवर फेकून देतो. राजाने अन्याय केलाय हे त्याला तलवारीने सांगता आलं असतं, ती अर्धी उपसलीही होती.