डिपेन्डन्सीला मराठीत काय म्हणायचं? (ग्रेडल प्लगिनच्या संदर्भात)

अंगणवेल:
डिप्लोमाच्या मुलांसाठी ग्रेडलचं (कोडपासून प्रोग्राम बांधून देणारं साधन) स्वतःचं प्लगिन, म्हणजे त्याला जोडायची पुरवणी, कसं लिहायचं यावर मराठीत टिपण करतेय आणि 'डिपेन्डन्सी'पाशी गाडी अडलीये. सोबत लिहिणारा मित्र म्हणतो 'अवलंबित' लिही, सरळ आहे. मला ते उलटं वाटतं. पेन्शनच्या फॉर्मवर अवलंबित म्हणजे बायको-मुलं, जी दुसऱ्यावर अवलंबून आहेत ती. इथे तर अवलंबून माझं प्लगिन आहे, आणि ज्या लायब्ररीवर (दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडवर) ते उभंय तिला डिपेन्डन्सी म्हणतात.
अडलेला मजकूर असा: अँड्रॉइड प्रोजेक्टसाठी प्लगिन लिहिताना अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगिन 'कंपाइलओन्ली'मध्ये (फक्त कंपाइल करताना लागणाऱ्यांच्या यादीत) टाका, 'इम्प्लिमेंटेशन'मध्ये (चालवतानाही सोबत जाणाऱ्यांच्या यादीत) नको, म्हणजे वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टात जी आवृत्ती असेल तीच चालेल, आपली त्याच्या गळ्यात पडणार नाही. कसं लिहाल?

खडीसाखर:
अवलंबित्व. परिभाषेत रुळलेला शब्द आहे, नवीन कशाला शोधायचा.

अंगणवेल:
अवलंबित्व ही अवस्था झाली हो, वस्तू नाही. 'तीन अवलंबित्वं डाउनलोड झाली' असं कोण म्हणेल?

दगडफूल:
धातू बघा, लंब् म्हणजे लोंबणं. जो लोंबतो तो अवलंबित, ज्याला धरून लोंबतो ते आलंबन. रसचर्चेत आलंबन विभाव शिकलोय ना आपण, ज्याच्या आधाराने भाव उभा राहतो तो, शृंगारात नायक-नायिका. दिशा बरोब्बर बसते. 'प्लगिनची आलंबने'.

नदीकाठ:
आलंबन बीएच्या पेपरात शोभेल, डिप्लोमाची पोरं पुस्तक मिटतील. आमच्याकडे आजोबा म्हणायचे यंदा सगळी मदार विहिरीवर. मदार घ्या की! 'प्लगिनची मदार ग्रेडलच्या एपीआयवर', आणि ती तर 'जावा-ग्रेडल-प्लगिन' लावलं की आपोआप येते, वेगळी लिहावी लागत नाही.

खडीसाखर:
मदार अरबी आहे. संस्कृत शब्द हाताशी असताना उसना कशाला? महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला का?

नदीकाठ:
कोशाबद्दल आदरच आहे, पण वकील, जमीन, हजर आजही कोर्टात तसेच आहेत. मदार दौर-दौऱ्याच्याच धातूतला, ज्याभोवती गोष्ट फिरते ते. यापेक्षा नेमकं काय हवं? आणि तो शेतकऱ्याच्या तोंडात आहे, तेवढं मला पुरे.

दगडफूल:
पण मदार वस्तू नाही. 'दोन मदारी' म्हणालात तर माकडवाले येतील डोळ्यासमोर.

सुपारी:
मी मेव्हनवाला, ते ग्रेडलसारखंच दुसरं साधन. तिथे कंपाइलओन्लीलाच 'प्रोव्हायडेड' म्हणतात, म्हणजे यजमान पुरवणार, पाहुण्याने डबा आणू नये. कंपाइलओन्लीला 'कंपाइलपुरती' म्हणा, 'पुरती'त सगळं आलं. मात्र मुलांना हेही सांगा की ज्या प्रोजेक्टात अँड्रॉइडचं प्लगिन नाहीच तिथे चालवताना क्लास सापडत नाही म्हणून बिल्ड पडतं, त्यामुळे तो भाग 'विथप्लगिन'च्या आत ठेवायचा, म्हणजे ते प्लगिन असेल तरच तो चालेल.
खरी पंचाईत ट्रान्झिटिव्हची आहे. एक लायब्ररी घेतली की तिच्यामागून आणखी येतात, एकीच्या दोन आवृत्त्या आल्या तर ग्रेडल सहसा वरच्या क्रमांकाची घेतं, मेव्हन डिपेन्डन्सींच्या झाडात जी आपल्या प्रोजेक्टला जवळ असेल ती. भाषांतराच्या यंत्राने मला 'सकर्मक अवलंबित्व' दिलं होतं. सकर्मक क्रियापद असतं!

नदीकाठ:
त्याला शब्द आहेच, लटांबर.

अंगणवेल:
लटांबर आवडलं, पण अडलेल्या मजकुराचं काय?

दगडफूल:
लटांबर नको, त्यात नकोसेपणा आहे. मागून येणारी प्रत्येक लायब्ररी नकोशी नसते. 'अनुषंगाने आलेली' म्हणा.

सुपारी:
आमच्या घरी लटांबर नाही, लेंढार म्हणतात, पोरांचं लेंढार. एकच का हे दोन्ही?

नदीकाठ:
एक नाहीत. लेंढारात घोळका आहे, सगळे बरोबरीने चालतात. लटांबर मागे ओढत न्यावं लागतं. आमच्या आत्याने लग्नाला आलेल्यांना लेंढार म्हटलं तर कोणी रागावत नसे, लटांबर म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी कोणी आलं नसतं.

खडीसाखर:
विदर्भात उलटं आहे. आमच्याकडे लेंढार हीच शिवी.