मदत हवी आहे: केमोनंतर आकडे डोक्यात टिकत नाहीत, कोणाला दाखवावं?

नमस्कार. वय ४७, स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज. ऑपरेशन, एसी नावाच्या केमोच्या ४ सायकल (ते लाल औषध), मग दर आठवड्याला एक अशा पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमो औषधाच्या १२, शेवटी रेडिएशन. आता टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोजची गोळी) चालू आहे. रिपोर्ट चांगले, केसही आलेत, त्यामुळे सगळ्यांच्या लेखी मी ठणठणीत.

पतसंस्थेत कॅशवर असते. पासबुकातला खाते क्रमांक वाचून स्क्रीनकडे मान वळवेपर्यंत शेवटचे आकडे गेलेले असतात. नोटा मोजताना कुणी "मॅडम, एफडीला दर काय?" विचारलं की बंडल पुन्हा पहिल्यापासून. पूर्वी तोंडाने दर सांगत हाताने मोजायचे. संध्याकाळी रोकड जुळते, पण प्रत्येक व्हाउचर दोनदा बघते म्हणून. घरी येईपर्यंत डोक्याचा पार भुगा झालेला असतो.

ओपीडीत सांगितलं तर आजची तारीख विचारली, तीन शब्द लक्षात ठेवायला लावले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. सगळं बरोबर आलं. "टेन्शन घेऊ नका, वयाने होतं." अहो, सात वजा मी झोपेतही करीन, पण तिथे समोर रांग नसते ना!

अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेला ५८१ रुग्ण स्त्रियांचा एक अभ्यास वाचला. केमोच्या आधीपेक्षा नंतर डोकं चालत नाही असं ४५ टक्के जणींच्या उत्तरांत दिसलं. कॅन्सर नसलेल्या बायकांत तेवढ्याच काळात १० टक्के. म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ नाहीत.

पुण्यात कुणी याची नीट तपासणी करून घेतली आहे का? आणि मॅनेजरना सांगावं का? "हिच्याकडे कॅश नको" असा शिक्का बसायची भीती वाटते.

प्रतिसाद:
ताई, ते तारीख-वजाबाकीचे प्रश्न डिमेन्शियाच्या चाळणीचे. केमोनंतरची आपली घट त्यात सापडत नाही. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे (मेंदूच्या कामाच्या चाचण्या घेणारे मानसतज्ज्ञ) लक्ष, वेग आणि शब्द-स्मरण यांची सविस्तर चाचणी मागा. मी शाळेत शिकवते, माझी स्मरणशक्ती चांगली निघाली, वेग कमी निघाला. त्या एका कागदाने घरातले टोमणे थांबले.

त्याआधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ बघून घ्या. झोप लागते का? पाळी गेल्यामुळे आणि टॅमॉक्सिफेनमुळे रात्री घाम फुटून जाग येत असेल तर दिवसा डोकं कसं चालणार? गोळी मात्र मनाने बंद करू नका. मूडसाठी कुणी औषध दिलं तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं आधी सांगा. पॅरॉक्सेटिनसारखी काही औषधं त्याचा परिणाम कमी करू शकतात.

मेंदूच्या खेळांच्या ॲपवर पैसे घालवण्याआधी एक ऐका. ऑस्ट्रेलियात १५ आठवड्यांचा असा कार्यक्रम करून पाहिला, तर केमो झालेल्यांच्या तक्रारी कमी झाल्या, पण चाचणीतल्या गुणांत इतरांपेक्षा फरक पडला नाही. मला रोजच्या भरभर चालण्याने जास्त फायदा झाला.

मॅनेजरना आजाराची कथा सांगत बसू नका. नेमकं मागा: गर्दीच्या वेळी कॅशवर असताना चौकशीचे प्रश्न दुसऱ्या टेबलावर.

मूळ धागाकर्ती:
चौकशी दुसऱ्या टेबलावर, हे सुचलंच नव्हतं! उद्याच विचारते. टीएसएच केमोच्या आधी झाली होती, नंतर कुणी सांगितलीच नाही. घामाचं अगदी खरं, रात्री दोनदा गाऊन बदलते. तुम्ही गोळी सकाळी घेता की रात्री? वेळ बदलून कुणाला फरक पडलाय का?