मदत हवी आहे: आडवं झालं की डोकं सुरू होतं, झोपेआधी नेमकं काय आणि किती वेळ करू?

धोटा
नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. अंग पार मोडलेलं असतं, डोळे जड असतात, पण पाठ टेकली की डोकं सुरू. तासभर नुसती कूस बदलत राहतो. उठल्यावर अंगात दम नसतो, दिवसभर चिडचिड. खोल श्वास, गरम दूध, तळपायाला तेल, सगळं करून झालंय, फरक शून्य. मोबाईल बंद करा हे सांगू नका, तो मी हातात घेतच नाही. गोळी नको. आधी काय, नंतर काय, किती मिनिटं, एवढं नेमकं सांगा. आज रात्रीपासून सुरू करायचंय.

श्वास_सहा
खोल श्वास म्हणजे नक्की कसा घेता? छाती फुगवून, खांदे उचलून मोठमोठे श्वास घेत असाल तर झोप उलट पळते. त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मग डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं. भर श्वास घेण्यावर द्यायचा नाही, सोडण्यावर द्यायचा. पाठ टेकून बसा, एक हात पोटावर. नाकाने चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, मध्ये रोखायचं नाही. मिनिटाला सहा श्वास होतात. दहा मिनिटं पुरे. सहा आकडे जड गेले तर तीन-पाच करा, ओढाताण नको. कपालभाती आणि भस्त्रिका रात्री अजिबात नाही.

शेवटचा चहा किती वाजता? जेवण किती वाजता? हे न सांगता उत्तर कसं मिळणार?

काशाची_वाटी
पादाभ्यंग! पण नुसतं तेल चोपडून नाही. काशाची वाटी, तळ गुळगुळीत असलेली. एका पायाला लहान चमचाभर तेल. आधी अंगठ्याने टाचेपासून बोटांपर्यंत दोन-तीन मिनिटं, मग वाटी गोल गोल, एका पायाला दहा मिनिटं. दाब इतकाच की गुदगुल्या होऊ नयेत. जेवणानंतर लगेच नको. झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून मगच अंथरुणात जा, नाहीतर चादर खराब होते आणि मोरीत पाय घसरतो. वाटी काळी पडते ना, ती अंगातली उष्णता बाहेर पडल्याची खूण.

धोटा
तेल लावून झालंय हो, लिहिलंय वर. पाय आणखीच गरम होतात.

काशाची_वाटी
कुठलं तेल? नंतर मोजे घालता का?

धोटा
तीळ तेल. हो, सुती मोजे. अंथरुणाला तेल लागू नये म्हणून.

काशाची_वाटी
तिथेच चुकतंय. सोलापूरच्या उन्हाळ्यात तीळ तेल आणि वर मोजे! झोप लागायला तळपायातून उष्णता निघून जावी लागते, तुम्ही ती कोंडून ठेवताय. फेब्रुवारी संपला की खोबरेल नाहीतर साजूक तूप घ्या, मोजे काढा. तीळ तेल थंडीत.

तांबं_कथील
मोज्यांचं बरोबर आहे. काळं पडण्याचं नाही. कासं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. घासल्याने धातूचे बारीक कण सुटतात, तेलातल्या आम्लांशी आणि घामाशी त्यांची क्रिया होते आणि तेल करडं-काळं दिसतं. तीच वाटी तेल लावून सहाणेवर घासून बघा, तिथेही काळंच होईल. सहाणेत कुठली उष्णता? चोळण्याने पाय सैल पडतात, बरं वाटतं, तेवढा फायदा खरा आहे. त्याला खोटं कारण चिकटवायची गरज नाही.

काशाची_वाटी
एकाचे पाय लवकर काळे होतात, दुसऱ्याचे उशिरा. हे का मग?

तांबं_कथील
घाम कमी-जास्त, तेल वेगळं, दाब वेगळा, वाटी किती घासलेली ते वेगळं. शिवाय पितळेची वाटी कासं म्हणून विकतात. काशाची वाटी काठावर टिचकी मारली की लांब घुमते, पितळ लवकर थांबतं.

जुळेसोलापूरकर
पाय सोडा, खोलीचं काय? वरच्या मजल्यावर राहत असाल तर एप्रिल-मेमध्ये स्लॅब दिवसभराचं ऊन रात्रभर खाली सोडतो. पंखा तीच गरम हवा फिरवतो. गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात मारा. अंधार पडल्यावर गच्चीवर दोन बादल्या पाणी शिंपडा, दुपारी नको, दुपारी ते लगेच उडून जातं. खिडकीला ओली चादर लावली तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा.

तिळगूळ
पाणी कुठून आणायचं ते पण सांगा. नळाला रोज पाणी येत नाही आणि हे गच्चीवर ओतायला सांगतात. आणि सोलापुरी चादर भिजवू नका हो, वाळता वाळत नाही. जुनी सुती साडी बरी.

जुळेसोलापूरकर
भांडी विसळलेलं पाणीही चालतं गच्चीला. साडीचं मान्य.

ऊर्जा_साधना
धोटाभाऊ, दिवसभरात दहा जणांचा राग, कुरकुर आपण अंगावर घेऊन घरी येतो. ते उतरवल्याशिवाय झोप कशी येईल? अर्धी बादली कोमट पाणी, दोन मुठी खडे मीठ, पाय घोट्याच्या वरपर्यंत बुडवून पंधरा मिनिटं बसा. पाणी मोरीत ओता, पाय साध्या पाण्याने धुवा, कोरडे करा. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून शुभंकरोति म्हणा. दिवस संपला हे मनाला कळावं लागतं.

तांबं_कथील
मीठ काही ओढून घेत नाही, काम कोमट पाणी करतं. मीठ घालायचं तर घाला, पायाला भेगा असतील तर झोंबेल. मधुमेह असलेल्यांनी मात्र हे स्वतःच्या अंदाजाने करू नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, पाणी चटका देईल इतकं गरम असलं तरी समजत नाही, फोड येतात. दुसऱ्या कुणाला तरी कोपर बुडवून बघायला सांगा.

ऊर्जा_साधना
मधुमेहाचं लिहायला हवं होतं, बरं केलंत. पण दिव्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत.

तांबं_कथील
दिव्याला माझा विरोध नाहीच. रोज ठरलेल्या वेळी तीच कृती केली की शरीर पुढचं ओळखू लागतं. तो भाग पक्का आहे.

दूधवाली_ताई
दुधात जायफळ घालता का? जायफळ सहाणेवर दुधात दोन-तीन वेढे उगाळायचं, बस. झोप येत नाही म्हणून चमचाभर पूड घालणारे असतात, तो वेडेपणा आहे. पाच ग्रॅमच्या आसपास गेलं की जायफळ बाधतं. तोंडाला कोरड, धडधड, भास, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत गुंगी. गरोदर बाईने औषध म्हणून घेऊ नये. तान्ह्या बाळाला झोपवायला तर मुळीच नको.

विजापूर_रोड_काका
सत्तरीनंतर पहाटे तीनला जाग येते, त्यावर सांगतो. रात्री आठनंतर पाणी घोटभरच. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत. संध्याकाळी उजेड असेपर्यंत बाहेर फिरा, कंबर तलावाकडे छान वाटतं. लघवीची गोळी चालू असेल तर तिची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या.

तिळगूळ
काका, त्यांना झोप लागतच नाही. पहाटे जाग येण्याचा प्रश्न नाही.

रात्रपाळी_परिचारिका
एवढे प्रतिसाद आले आणि मूळ गोष्ट कुणी विचारलीच नाही. धोटा, तुम्ही घरी किती वाजता पोचता? नावावरून यंत्रमागावर काम असावं असं वाटतंय, मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा ना? पाळी कोणती?

धोटा
हो, माग चालवतो. एमआयडीसीत. दुसरी पाळी, रात्री १२ ला सुटते. घर विडी घरकुल वसाहतीत, पोचायला साडेबारा. मग जेवण, मग झोप. म्हणून तर म्हणतोय, सातला दिवा लावायला मी घरी असतो का? वेळ सांगायची एवढी गरज वाटली नाही.

रात्रपाळी_परिचारिका
सगळं त्यावरच अवलंबून आहे. तुमची संध्याकाळ रात्री साडेबाराला सुरू होते. आता नीट सांगा: शेडमध्ये चहा किती वाजता, घरी जेवणात काय, आणि खोलीत शांत झालं की कानात आवाज येतो का?

धोटा
चहा साडेदहाला, सगळेच घेतात, नाहीतर शेवटचा दीड तास निघत नाही. जेवणात भाकरी, डाळ, शेंगाचटणी, पोटभर. कान वाजतात, हो. शांत झालं की जास्तच, शिट्टीसारखं. शेडमध्ये सगळ्यांनाच होतं ना ते?

रात्रपाळी_परिचारिका
होत असेल सगळ्यांना, म्हणून ते चांगलं ठरत नाही. मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. त्यात आठ तास काढले की कानाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा होते, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. घरी शांतता झाली की कान वाजणं वर येतं. डोकं सुरू होतं असं तुम्ही म्हणताय, त्यातलं बरंचसं हेच असणार.

कानासाठी: फोमचे गोळे घ्या. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही, त्याने आवाज नावापुरता कमी होतो. गोळा स्वच्छ बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, गोळा आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचा. अर्धा बाहेर लोंबत राहिला तर बसलाच नाही असं समजा. घरी एकदम सामसूम नको, पंख्याचा आवाज असू दे, कानातली शिट्टी त्यात बुडते. आणि एकदा कानाच्या डॉक्टरकडून श्रवणचाचणी करून घ्या. आवाज एकाच कानात असेल, चक्कर येत असेल किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी जा.

चहा: कॅफीन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. साडेदहाचा चहा दीड वाजता निम्म्याहून जास्त अंगात असतो. शेवटचा चहा सातला. साडेदहाला पाणी, चणे-गूळ.

जेवण: मुख्य डबा आठच्या सुट्टीत खा. घरी आल्यावर ताकभात किंवा अर्धी भाकरी आणि दूध. शेंगाचटणी दुपारी खा. तिखट-तेलकट खाऊन लगेच आडवं झालं की आंबट वर येतं आणि झोप मोडते.

घरी आल्यावर ट्यूबलाइट लावू नका, पिवळा मंद दिवा पुरतो. आधी आंघोळ, दहा मिनिटं, कोमट पाणी. मानेवर, कोपरात घामाला चिकटलेलं कापसाचं तूस निघालंच पाहिजे, ते राहिलं तर अंग खाजतं. कोमट पाण्याने हातापायांच्या कातडीकडे रक्त येतं, आतली उष्णता निघून जाते आणि झोप जवळ येते. डोक्यावर गार पाणी ओतलंत तर जागेच व्हाल. मग थोडं खाणं. मग पाय.

काशाची_वाटी
पाय माझ्या वाटीने करा!

रात्रपाळी_परिचारिका
चालेल, खोबरेलाने. पण दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरतात, त्याआधी दहा मिनिटं पाय भिंतीला लावून पडा. कंबर भिंतीपासून चार-सहा बोटं लांब, गुडघे किंचित सैल. काचबिंदू असेल किंवा रक्तदाब ताब्यात नसेल तर हे टाळा.

योगनिद्रा_प्रेमी
त्यानंतर योगनिद्रा, वीस मिनिटं. शरीरावरून क्रमाने लक्ष फिरवायचं, उजव्या अंगठ्यापासून सुरुवात.

श्वास_सहा
कान वाजणाऱ्या माणसाला निश्चल पडून आत लक्ष द्यायला सांगताय, त्याला शिट्टीच ऐकू येणार. आधी स्नायू आवळून सोडायला सांगा. एडमंड जेकबसन यांनी शंभर वर्षांपूर्वी बसवलेली पद्धत आहे. मूठ आवळा पाच ते सात सेकंद, एकदम सोडा, वीस-तीस सेकंद सैलपणा अनुभवा. मग दंड, खांदे कानाकडे उचलून, कपाळ, जबडा, पोट, मांड्या. पूर्ण ताकद लावायची नाही, निम्मी बास. पोटरीला पंजा स्वतःकडे ओढायचा, पुढे ताणला की गोळा येतो. धागे जोडून बोटं आणि खांदे आखडलेले असतात, तिथे दोनदा करा.

योगनिद्रा_प्रेमी
योगनिद्रा आवाज ऐकत करायची असते, सामसुमीत नाही. पण आधी स्नायू सोडले तर आणखी चांगलं, हरकत नाही.

तिळगूळ
डोक्यात नेमकं काय चालतं ते पण लिहा की भाऊ.

धोटा
मालकाकडून घेतलेली उचल किती राहिली, कोणत्या मागाची तक्रार माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला सांगायची, पाण्याची पाळी उद्या की परवा. पाणी पहाटे पाचला येतं, मोटर लावायला उठावं लागतं. नाही उठलं तर पुढच्या पाळीपर्यंत घरात पाणी नाही.

तिळगूळ
मग हे कागदावर काढा. २०१८ साली बेलर विद्यापीठात प्रयोग झाला होता. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी बारीक तितकं बरं. "माग बघणे" असं नको, "सहा नंबर, डावीकडे ताण्याचा उभा धागा तुटतो, जॉबरला चारला सांगणे" असं लिहा. उचल किती फिटली, किती राहिली, आकडा मांडून ठेवा. हे अंथरुणात नको, खाल्ल्यावर बसल्या जागी.

रात्रपाळी_परिचारिका
पाण्याच्या दिवशी मोटर घरातल्या दुसऱ्या कुणी लावायची, हे आठवड्याचं आधीच ठरवा. ते जमणार नसेल तर पाणी भरून पुन्हा झोपा, खिडकीला जाड कापड लावून, म्हणजे ऊन आलं तरी चालेल. उरलेली झोप दुपारी कामाला निघायच्या आधी, वीस-तीस मिनिटं. आणि अंथरुणात वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून बसा, मंद उजेडात सहाचे श्वास करा, डोळे मिटायला लागले की परत. घड्याळ बघू नका.

धोटा
हे जमेल. चहा सातला, डबा आठला, आंघोळ, यादी, पाय, मुठी आवळणं. उद्या गोळे घेतो. पण ते कानात असताना माग बिघडला तर कळणार कसं? ताणा तुटला, धोटा अडकला, हे आम्ही आवाजावरूनच ओळखतो.

रात्रपाळी_परिचारिका
गोळ्याने सगळाच आवाज खाली येतो, मागाची लय बदलली तर ती कळते. पहिले काही दिवस दुरून ऐकल्यासारखं वाटेल. कानाला मुळातच कमी ऐकू येत असेल तर मात्र बारीक आवाज निसटू शकतो, म्हणून श्रवणचाचणी आधी.

तांबं_कथील
बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला तर माग आपोआप थांबतो, त्याची काळजी नको. ताण्यासाठी फेरी मारताना नजर ठेवा. सुरुवातीला अर्धी पाळी घाला, कान सरावले की पूर्ण. आणि शेजारच्या मागवाल्याला सांगून ठेवा की हाक मारून उपयोग नाही, खांद्याला हात लावायचा.